गाडी बाहेर, माणूस आत

पालो अल्टोमधल्या ॲडिसन ॲव्हेन्यूवर ३६७ क्रमांकाचं एक जुनं घर आहे. त्याच्या ड्राइव्हवेच्या टोकाला लाकडी फळ्यांचं छोटं गॅरेज उभं आहे, बारा फूट रुंद आणि अठरा फूट लांब. समोरची पाटी सांगते की हे सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान. कॅलिफोर्निया राज्याच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत त्याचा क्रमांक ९७६ आहे. १९३८ साली डेव्हिड आणि ल्युसील पॅकार्ड या नवविवाहित जोडप्याने या घराचा तळमजला महिना ४५ डॉलर भाड्याने घेतला. पॅकार्ड आणि त्यांचा मित्र बिल ह्युलेट यांनी ५३८ डॉलरच्या भांडवलावर गॅरेजमध्ये विजेची उपकरणं बनवायला सुरुवात केली आणि १९३९च्या पहिल्या दिवशी ‘ह्युलेट-पॅकार्ड’ ही कंपनी जन्माला आली. ही कथा मराठी वाचकाला नवी नाही. तिच्यातला एक तपशील मात्र मागे पडतो. ह्युलेट त्या दिवसांत झोपायचे ते अंगणातल्या शेडमध्ये.

आजच्या नियमपुस्तकात ती शेड माणसाने राहण्याजोगी ठरणार नाही. निवासी भागातल्या गॅरेजमध्ये यंत्रसामग्री मांडून माल तयार करण्यावरही हरकत निघेल. लॉस आल्टोसमधलं ‘ॲपल’चं गॅरेज, १९९८ साली ‘गूगल’ने भाड्याने घेतलेलं मेन्लो पार्कमधलं गॅरेज, या साऱ्या गोष्टी आपण उद्योगाच्या दंतकथा म्हणून सांगतो. मला त्या घरबांधणीच्या कथाही वाटतात. गाडीसाठी बांधलेल्या जागेत माणूस शिरला, आणि त्याने तिचं काहीतरी वेगळंच केलं.

पण अशा प्रत्येक शिरकावावर पाटी लागत नाही. १९८७ साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने शहर आणि परिसरातल्या गॅरेजांची पाहणी केली. सुमारे ४२ हजार गॅरेजांमध्ये माणसं राहत असावीत आणि त्यांची संख्या दोन लाखांच्या घरात असावी, असा अंदाज त्या पाहणीतून निघाला. शिवणकामाच्या कारखान्यांत, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत, दुसऱ्यांच्या बागांमध्ये राबणारी ही माणसं. अनेक ठिकाणी गॅरेजचं वर उघडणारं दार बाहेरून तसंच ठेवलेलं असे, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या अधिकाऱ्याला संशय येऊ नये. दाराच्या आत भिंत, भिंतीच्या आत पलंग. जायला-यायला बाजूचा एकच अरुंद दरवाजा. खिडकी नाही. घरातून ओढलेल्या एका वायरीवर दिवा, टीव्ही आणि स्वयंपाकाची शेगडी. अशा खोलीत रात्री आग लागली तर काय होतं, हे लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाला पुन्हा पुन्हा पाहावं लागलं.

या खोल्या बेकायदा होत्या, पण त्यामागची कारणं दोन होती आणि ती एकमेकांपासून वेगळी होती. एक कारण असं, की इथे राहणं धोक्याचं होतं. दुसरं असं, की ही जागा गाडीसाठी राखलेली होती. लोकांच्या मनात ही दोन्ही कारणं एकच होऊन बसली. कायद्याने पुढे ती वेगळी केली, आणि या लेखात मला मुख्यतः त्याबद्दल सांगायचं आहे.

*

अमेरिकेतल्या उपनगरी घराला गॅरेज असतं ते केवळ हौसेने नव्हे. अनेक शहरांनी दशकानुदशकं तसा नियमच केला होता: एका कुटुंबाचं घर बांधायचं तर दोन गाड्यांची जागा हवी, आणि तीही छपराखाली. लॉस एंजेलिसमध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभागातल्या कित्येक शहरांत हेच होतं. घरात माणसं किती राहणार याचा जाब कोणी विचारत नसे, गाड्या किती मावतील याचा मात्र नकाशात पुरावा लागे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी सारं आयुष्य या एका नियमाविरुद्ध लिहिण्यात घालवलं. सक्तीची पार्किंग फुकट दिसते, पण तिची किंमत घरभाड्यात आणि किराणा मालाच्या भावात मिसळून सगळेच भरतात, गाडी नसलेलेसुद्धा, हे त्यांनी २००५ सालच्या आपल्या जाडजूड ग्रंथात मांडलं.

आणि त्या जागेत गाड्या तरी राहत होत्या का? त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी लॉस एंजेलिसमधल्या ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि २०१२ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. चारपैकी तीन गॅरेजांत गाडी नव्हतीच. खोके, जुनं फर्निचर, मुलांच्या सायकली, जास्तीचा फ्रीज यांनीच ती भरलेली होती. खाडीभागातल्या मराठी घरात गेलात तर यादी थोडी बदलते. गणपतीचं मखर, दिवाळीच्या माळांचे खोके, तांदळाची पोती, भारतात न्यायच्या बॅगा. गाड्या बाहेर ड्राइव्हवेवर.

म्हणजे नियम ज्या गाडीसाठी जागा राखत होता ती तिथे नव्हती, आणि ज्या माणसाला छप्पर हवं होतं त्याला ती जागा मना होती. दोन गाड्यांचं गॅरेज साधारण वीस फूट बाय वीस फुटांचं असतं, म्हणजे ४०० चौरस फूट. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका कुटुंबाला मिळणारं घर ३०० चौरस फुटांचं. मुंबईकराला याहून अधिक सांगायची गरज पडू नये.

कॅलिफोर्नियाने १९८२ सालीच शहरांना सांगितलं होतं की मूळ घराच्या आवारात दुसरं लहान घर बांधायला वाट ठेवा. शहरांनी वाट ठेवली आणि तिच्यावर अडसर टाकले: शेजाऱ्यांची सुनावणी, भरमसाठ शुल्क, मोठ्या भूखंडाची अट. सर्वांत परिणामकारक अडसर मात्र पार्किंगचा. गॅरेजमध्ये माणूस ठेवा, पण तिथल्या गाडीसाठी आवारात दुसरी छपराची जागा दाखवा. पन्नास फुटी भूखंडावर ती दाखवणार कुठून? त्यामुळे कागदावर परवानगी होती आणि प्रत्यक्षात नव्हती.

२०१६ साली हे हलायला लागलं. फ्रीमाँटचे सेनेटर बॉब विकॉव्स्की आणि सांता मोनिकाचे आमदार रिचर्ड ब्लूम यांची विधेयकं मंजूर झाली आणि १ जानेवारी २०१७पासून शहरांचे हात बांधले गेले. १ जानेवारी २०२०पासून लागू झालेल्या दुसऱ्या फेरीतल्या कायद्यांनी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. गॅरेजचं रूपांतर अशा पूरक घरात होत असेल तर गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात दुसरी जागा मागता येणार नाही. पूर्ण कागदपत्रांच्या अर्जावर शहराने ६० दिवसांत निर्णय द्यायचा. सुनावणी नाही, मर्जी नाही. नियमात बसतं की नाही एवढंच पाहायचं. उभ्या असलेल्या गॅरेजचंच घर होणार असेल तर ते हद्दीला खेटून आहे म्हणून अडवायचं नाही. ७५० चौरस फुटांखालच्या घराला शहराचं विकास शुल्क माफ. ज्या वसाहतींचा कारभार घरमालकांच्या संघटना चालवतात, तिथेही वेगळ्या कायद्याने सरसकट मनाई रद्द झाली. आपल्याकडच्या सोसायट्यांचा अनुभव असणाऱ्याला या शेवटच्या तरतुदीचं मोल सांगावं लागत नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१६ साली राज्यभरात अशा पूरक घरांना मिळालेले परवाने दीड हजारांहून कमी होते. २०२२ पर्यंत ते वर्षाला वीस हजारांच्या पुढे गेले. ही सगळी गॅरेजं नव्हेत, परसात नव्याने बांधलेली घरंही त्यात आहेत. पण भिंती आणि छप्पर आधीच उभे असलेलं गॅरेज हा त्यातला सर्वांत सोपा रस्ता.

*

सोपा म्हणजे सैल नव्हे. शहरनियोजनाच्या खात्याने हात वर केले तिथे बांधकाम खात्याचा इन्स्पेक्टर उभा राहतो, आणि त्याच्या हातातलं पुस्तक या सगळ्या सुधारणांत पातळ झालेलं नाही.

समजा, फ्रीमाँट किंवा सॅन होजेमध्ये एका मराठी कुटुंबाचं दुमजली घर आहे. झोपायच्या खोल्या वर. आई-बाबा पुण्याहून किंवा नाशिकहून येतात, व्हिसावर साधारण सहा महिने राहतात. बाबांचे गुडघे जिना नको म्हणतात. मुलगा-सून ठरवतात की खालचं, घराला जोडलेलं गॅरेज आई-बाबांसाठी करू या. मुलगा म्हणतो, भिंती आहेत, छत आहे, गालिचा टाकू, पलंग टाकू. बांधकामाचे नियम त्याला तिथेच थांबवतात, आणि थांबवण्याचं प्रत्येक कारण ऐकण्यासारखं असतं.

गॅरेजची जमीन दाराच्या दिशेने उतरती असते. पाणी, पेट्रोल, तेल सांडलं तर बाहेर जावं म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते. वाकत चालणाऱ्या माणसाला ती जमीन रोज जाणवते. शिवाय घराच्या जमिनीपेक्षा ती खाली असते, म्हणजे दारात पायरी येते, आणि जिना टाळायला आलेल्या माणसाला पुन्हा तीच अडचण. जुन्या गॅरेजच्या काँक्रीटखाली ओल अडवणारा प्लॅस्टिकचा थर बहुतेकदा नसतो. वरून गालिचा अंथरला की ओल त्याखाली मुरते आणि बुरशी धरते. म्हणून जमीन उचलायची, ओल अडवायची, मग वर उष्णतारोधक थर घालायचा. भिंतीत आणि छतातही तो थर हवाच. राज्याचे ऊर्जेचे नियम त्याची जाडी ठरवून देतात. खोली ६८ अंश फॅरनहाइटपर्यंत तापवता आली पाहिजे.

गॅसवर चालणारा पाण्याचा बंब आणि घर तापवणारी भट्टी अनेक घरांत गॅरेजमध्येच असते. जळायला लागणारी हवा जी उपकरणं खोलीतूनच घेतात, त्यांच्यासोबत झोपायची खोली करता येत नाही. हा नियम कार्बन मोनॉक्साइडमुळे आहे. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. बंब हलवायचा खर्च ऐकून घरमालक कुरकुरतात. तिथे मी इन्स्पेक्टरच्या बाजूने आहे. विजेचं मुख्य पॅनेलही अनेकदा गॅरेजमध्येच असतं. त्याच्यासमोर तीन फुटांची मोकळी जागा ठेवायची आणि ते कपड्यांच्या कपाटात किंवा न्हाणीघरात लपवायचं नाही.

आणि खिडकी. झोपायच्या प्रत्येक खोलीला अशी एक तरी खिडकी किंवा दार हवं की ज्यातून माणूस थेट बाहेर पडू शकेल. खिडकी असेल तर मोकळी उघडणारी जागा ५.७ चौरस फूट, जमिनीलगतच्या मजल्यावर ५ चौरस फूट. उंची निदान २४ इंच, रुंदी निदान २० इंच. खालची कड जमिनीपासून ४४ इंचांहून वर नको. हे आकडे कोरडे वाटतात, पण त्यात दोन माणसं गृहीत धरली आहेत: धुरात गुदमरलेला, घाबरलेला माणूस आतून बाहेर येताना, आणि पाठीवर हवेची टाकी बांधलेला अग्निशमन दलाचा जवान बाहेरून आत शिरताना. पंच्याहत्तरीच्या आजींना ४४ इंचांची कड ओलांडता येईल का, हा प्रश्न नियमपुस्तक विचारत नाही. घरच्यांनी विचारला पाहिजे. आई-बाबांची खोली करायची तर खिडकीवर न थांबता थेट बाहेर उघडणारं दार द्यावं.

दोन नियमपुस्तकांतला फरक हद्दीच्या भिंतीपाशी सर्वांत स्पष्ट दिसतो. अंगणातलं सुटं गॅरेज कुंपणापासून दोन फुटांवर असलं तरी नियोजनाचा कायदा आता त्याला अडवत नाही. पण हद्दीपासून तीन फुटांच्या आतल्या भिंतीत खिडकी ठेवायला बांधकामाचा नियम मनाई करतो, आणि ती भिंत आग एक तास थोपवणारी हवी असं सांगतो, कारण शेजारच्या घराची आग त्याच बाजूने येणार. जागा कोणाची, यावर शहर आता वाद घालत नाही. जागा जाळून मारणार नाही ना, यावर मात्र कसलीच सूट नाही. माझ्या मते हीच वाटणी योग्य आहे.

काम सुरू झालं की तपासणी एकदाच होत नाही. जमिनीखालचे नळ काँक्रीट ओतण्याआधी पाहिले जातात. चौकट, वायरिंग आणि पाइप भिंती झाकण्याआधी. मग उष्णतारोधक थर, मग भिंतींवरचे जिप्सम बोर्ड, आणि शेवटची तपासणी. झाकलेलं काम न दाखवता पुढे गेलात तर भिंत फोडून दाखवावी लागते. पुष्कळ कुटुंबं या फेऱ्यांना आणि मालमत्ता कर वाढेल या धास्तीला घाबरून परवाना घेतच नाहीत. कराची धास्ती मात्र अवाजवी आहे. १९७८च्या ‘प्रपोझिशन १३’ या सार्वमतानंतर बांधकाम केलं म्हणून जुन्या घराचं मूल्य नव्याने ठरवलं जात नाही आणि नव्या बांधकामाने वाढलेल्या मूल्यापुरताच कर वाढतो.

*

गॅरेजच्या दाराचा आणखी एक धोका आहे, आणि तो आपल्याला अहमदाबादपर्यंत आणतो. १७ जानेवारी १९९४च्या पहाटे लॉस एंजेलिसमधल्या नॉर्थरिजला भूकंप झाला, तेव्हा ‘नॉर्थरिज मेडोज’ या इमारतीचे वरचे मजले खालच्या मजल्यावर बसले आणि १६ माणसं मेली. तळमजल्याचा मोठा भाग गाड्यांसाठी मोकळा होता, आडव्या धक्क्याला तोंड देईल अशी भिंतच तिथे पुरेशी नव्हती. २६ जानेवारी २००१ला भूजच्या भूकंपात अहमदाबादमध्ये कोसळलेल्या अनेक इमारतींची गत तीच: वर पाच-सहा मजल्यांची घरं, खाली फक्त खांब आणि गाड्या. आपण त्याला स्टिल्ट म्हणतो. मुंबईच्या उपनगरांत, ठाण्यात, पुण्यात, नागपुरात हजारो इमारती अशा खांबांवर उभ्या आहेत.

कॅलिफोर्नियातल्या गॅरेजचं दार काढून तिथे प्लायवूडची, पायाला बोल्टने जखडलेली भिंत घातली तर घर भूकंपाला आधीपेक्षा चांगलं तोंड देतं. परवाना घेतला तर इंजिनिअर हे करून घेतो. आपल्या स्टिल्टमध्ये मात्र एका कोपऱ्यात वीट रचून खोली किंवा दुकान केलं जातं तेव्हा उलट घडू शकतं. इमारतीची एक बाजू ताठ होते, बाकीची लवचिक राहते, आणि भूकंपात ती पिळली जाते. वॉचमनच्या खोलीसाठी किंवा सोसायटीच्या ऑफिससाठी भिंत घालताना हा प्रश्न किती कमिट्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारतात?

कायद्याचा वाद आपल्याकडे वेगळ्याच अंगाने झाला. महाराष्ट्राच्या १९६३च्या फ्लॅटविषयक कायद्यात ‘फ्लॅट’च्या व्याख्येत गॅरेजही येतं. त्याचा आधार घेऊन बिल्डर स्टिल्टमधल्या जागा वेगळ्या पैशाने विकत. दहिसरच्या पांचाली सोसायटीचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३१ ऑगस्ट २०१०ला न्यायालयाने सांगितलं की बाजूंनी मोकळी असलेली स्टिल्टची जागा हे गॅरेज नव्हे, ती सोसायटीच्या सामाईक वापराची जागा आहे, आणि बिल्डरला ती विकता येत नाही. २०१६च्या रेरा कायद्याने व्याख्या पक्की केली: छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती असतील तरच गॅरेज. निकाल चांगला होता. पण आपलं सगळं भांडण जागा कोणाच्या मालकीची यावरच संपलं. तिथे कोण राहतं, कसं राहतं, हा विषय कोर्टापर्यंत पोहोचला नाही.

पुण्यात प्रभात रोड, कोथरूड, सहकारनगर इथल्या जुन्या बंगल्यांत गॅरेजचे दवाखाने झाले, क्लास झाले, पोळी-भाजी केंद्रं झाली, भाड्याच्या खोल्याही झाल्या. १९६६च्या नगररचना कायद्यात वापर बदलणं हाच ‘विकास’ आहे. म्हणजे एक वीटही न लावता गॅरेजमध्ये माणूस राहायला ठेवला तरी परवानगी लागते. पार्किंगची जागा एफएसआयमध्ये धरत नाहीत. ती बंद करून खोली केली की ती मोजली जाते, आणि एफएसआय आधीच संपलेला असतो. म्हणून कोणी अर्ज करत नाही. मग एक दिवस नोटीस येते, किंवा नियमितीकरणाची योजना येते. २०१७ साली राज्याने ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांसाठी शुल्क भरून नियमित होण्याची वाट उघडली, तेव्हा चौकाचौकांत चर्चा एकच होती: चौरस मीटरला किती भरायचे. खिडकीची कड किती उंच, हे कोणी विचारलं नाही.

इथे कॅलिफोर्नियाचा एक अलीकडचा कायदा मला मोलाचा वाटतो. १ जानेवारी २०२०पूर्वी परवाना न घेता केलेल्या पूरक घरांसाठी तो २०२५च्या सुरुवातीपासून लागू झाला. शहरनियोजनाचा किंवा बांधकामाचा नियम मोडला एवढ्या कारणाने अशा घराला परवाना नाकारता येत नाही. आरोग्य किंवा सुरक्षेला धोका असेल तर आधी तो दूर करायला सांगायचं. काय काय पाहिलं जाणार त्याची यादी शहराने आधीच प्रसिद्ध करायची. आणि अर्ज करण्याआधी मालक परवानाधारक ठेकेदाराकडून गुपचूप तपासणी करून घेऊ शकतो, शहराला न कळवता. भीती हे या खोल्या लपून राहण्याचं मूळ कारण आहे, हे ओळखून केलेली ही तरतूद. विनीत मुखिजा हे लॉस एंजेलिसमधले नियोजनाचे प्राध्यापक वर्षानुवर्षं या लपलेल्या घरांबद्दल लिहीत आले आहेत. त्यांना केवळ अतिक्रमण मानू नका, शहराने न बांधलेल्या घरांची ती भरपाई आहे, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे.

महाराष्ट्रातल्या महापालिकांनी ही एकच गोष्ट उचलावी. बंगल्याच्या गॅरेजमध्ये कोणी राहत असेल तर दंडाचं कोष्टक बाजूला ठेवून आधी एक पानी यादी मराठीत छापावी: बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, गॅस सिलिंडर खोलीबाहेर आहे का, वायरिंगला स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंग आहे का, पावसाळ्यात जमिनीत पाणी येतं का, छत तापून खोली मे महिन्यात भट्टी होते का, भिंत घालताना खांबांना धक्का लावला का. नोंदणीकृत इंजिनिअरला ती पाहून सही करू द्यावी आणि पहिल्या वर्षी ती सही केवळ दुरुस्तीसाठी वापरावी, नोटिशीसाठी नाही. एफएसआयचा हिशेब त्यानंतर करता येईल.